मल्लूची चौकशी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात की माझा धागा सुटतो, आणि धागा सुटला की मी भलत्या माणसाला भलतंच सांगत बसते. तसं एकदा झालंय, तेच सांगायला बसलेय. आमच्या घरात अजूनही कोणी ‘चौकशी’ हा शब्द काढला की आमचे हे चहाचा कप खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघतात.

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, माझ्या थोरल्या दिराचा मुलगा. दीर आणि जाऊबाई खटकचिंचोळीला शेती बघतात. आम्ही दोघं बिदरला, नौबादमध्ये. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आम्हाला मूलबाळ नाही. मल्लू नर्सिंग पास झाला, बिदरच्या एका दवाखान्यात ब्रदर म्हणून लागला आणि आमच्याकडे राहायला आला. त्याला तीन वर्षं झाली. आला तेव्हा एक बॅग घेऊन आला होता, आता वरची खोली, गच्ची आणि फ्रिजचा मधला कप्पा त्याचा.

पुढं त्यानं जर्मनीला जायचं ठरवलं. त्याच्या बरोबरीची सगळीच पोरं कुठं ना कुठं निघालीत. आमच्या कॉलनीत आता पोरगा काय करतो असं कोणी विचारत नाही, कुठल्या देशाचा अभ्यास करायलाय असं विचारतात. मला त्यातलं फार कळत नाही. पोरांच्या बोलण्यातून एवढं समजलं होतं की कॅनडानं दार ओढून घेतलंय, इंग्लंडनं कामाला या पण बायका-पोरं आणू नका म्हणून सांगितलंय, आणि जर्मनीला नर्स हव्यात, पण त्यांची भाषा त्यांच्यासारखी आली पाहिजे. म्हणून मल्लू पहाटे उठून गच्चीवर येरझाऱ्या घालत ‘डेर, डी, दास, डेर, डी, दास’ करायचा. जाऊबाई एकदा मुक्कामाला होत्या. तो आवाज ऐकून त्या अंथरुणातच हात जोडून बसल्या. त्यांना वाटलं, पोरगं जपाला लागलं.

तर मल्लूनं पासपोर्टचा अर्ज केला, पत्ता आमच्या घरचा दिला. ड्यूटीला जाताना मला म्हणाला, “काकू, पोलीस येतील चौकशीला. साध्या कपड्यांत येतात कधी कधी. मी इथं राहतो का, काही केस हाय का, एवढंच विचारतील. खरं तेच सांग. विचारलं तेवढंच सांग.”

“आणि ते म्हशीचं?”

ते म्हशीचं असं झालं होतं. मागं एकदा मल्लू मोटारसायकलवरून मन्नाएखेळ्ळीकडून येत होता. तिथल्या धाबेवाल्याची म्हैस हायवेवर आडवी आली. हा पडला, म्हशीच्या पायाला लागलं. धाबेवाला काठी घेऊन धावला, मग प्रकरण पोलीस चौकीत गेलं. शेवटी आमच्या ह्यांनी जाऊन बोलून मिटवलं.

मल्लू म्हणाला, “विचारलं तर सांग. त्यांच्याकडं नोंद असंल. लपवलं तर उलट संशय येतो.”

आता मला सांगा, ह्याच्यात न समजण्यासारखं काही आहे का? मलाही सगळं नीट समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुरडया वाळत घालत होते. दारात दोन माणसं आली. पुढचा उंच, जाड मिशीचा, खाकी पँट, तांबडे बूट. मागचा बुटका, हातात डायरी.

“मल्लिकार्जुनचं घर हेच न्हवं?”

“व्हय साहेब, या की,” मी म्हणलं.

तो माणूस पोलीस नव्हता, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. ते भालकीचे शिवराजअप्पा. बस डेपोत कंट्रोलर, म्हणून खाकी पँट. त्यांना लग्नाची मुलगी होती, आणि कुणीतरी मल्लूचं स्थळ सुचवलं होतं. बरोबरचा बुटका माणूस म्हणजे मुलीचा मामा. न सांगता गेलं की खरं घर बघायला मिळतं, असं त्यांचं मत. जाऊबाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी मला सकाळी फोनही केला होता, पण माझा फोन कुरडयांच्या चिकाच्या पातेल्यांमागं कुठंतरी वाजत होता.

‘साहेब’ म्हणल्यावर शिवराजअप्पांची मान थोडी ताठ झाली. खुर्चीवर बसत म्हणाले, “भालकीहून आलो. पोराची जरा चौकशी करायची होती.”

मूळ गाव भालकी तालुक्यातलं, म्हणून तिकडचेही पोलीस आले असतील, असं मी मनात धरलं.

“मल्लू ड्यूटीवर हाय. बोलवून घेऊ का?”

“नको नको. त्याच्या माघारीच बरं असतंय. खरं कळतंय.”

हे तर अगदी पोलिसासारखंच झालं की नाही? मी पदर सारखा केला आणि समोर उभी राहिले. मामा म्हणाले, “बसा की अक्का.” पण पोलिसांपुढं कसं बसायचं?

“स्वभाव कसा हाय?” शिवराजअप्पांनी विचारलं.

“गरीब हाय साहेब. कुठल्या मोर्च्यात न्हाई, संघटनेत न्हाई, दगडफेकीत तर अजिबात न्हाई.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मामांनी विचारलं, “दारू-बिरू?”

“वासबी न्हाई. तपासून घ्या पाहिजे तर.”

शिवराजअप्पा खुश झालेले दिसले. मग घसा खाकरून, आवाज खाली आणून म्हणाले, “आणि असं... काही प्रकरण वगैरे?”

मला मल्लूचं बोलणं आठवलं. लपवलं तर संशय येतो. मी सरळ म्हणलं, “एक हाय साहेब. तुमच्या कानावर असंलच.”

त्यांच्या कानावर काहीच नव्हतं. पण मिशी हलली. “कुठलं?”

“मन्नाएखेळ्ळीचं. पण त्याची चूक न्हवती. तीच आडवी आली.”

“ती आडवी आली?”

“एकदम. ह्याला काही सुचायच्या आत. आणि तिचा मालक लई तापट, काठी घेऊनच धावला.”

आमच्याकडं बायका नवऱ्यालाही मालकच म्हणतात. मी स्वतः पंचवीस वर्षं म्हणतेय. तेव्हा सुचायला नको का?

शिवराजअप्पांनी कपाळ पुसलं. “म्हंजे तिला मालकबी हाय?”

“असा कसा नसंल साहेब? मालकाशिवाय कशी असंल? चौकीत गेलं होतं प्रकरण. मग आमच्या ह्यांनी जाऊन, चार माणसं बसवून मिटवलं.”

मामांनी डायरी मिटली. अगदी हळू आवाजात विचारलं, “आता तर संबंध न्हाई न्हवं?”

आता माणसानं इथं ‘न्हाई’ म्हणून गप्प बसावं. पण मला वाटलं, पोराचा चांगुलपणाही रिपोर्टमध्ये यायला पाहिजे. मी म्हणलं, “न्हाई कसा? त्याचा जीव लई मायाळू. अजूनबी त्या रस्त्यानं गेला की थांबतो, तिला काहीतरी खाऊ घालतो, पाठीवरून हात फिरवतो, मगच येतो. तिचा मालकबी आता काही बोलत न्हाई.”

मामांनी डायरी काखेत मारली.

शिवराजअप्पा म्हणाले, “तिकडं जर्मनीला एकटाच जाणार का कुणाला संगं नेणार?”

ह्या प्रश्नाची मला भीतीच होती. पोरींना परदेशात नोकरी लावतो म्हणून नेऊन फसवणाऱ्या एजंटांच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पोलिसांना तोच संशय असणार. मी हात जोडले.

“एकटाच जाणार साहेब. कुणालाबी नेणार न्हाई. कोणी गळ्यात पडलं तरी न्यायचं न्हाई, असं मी त्याला बजावलंय. पाहिजे तर लिहून देतो आम्ही.”

दोघं उठले. चहा अर्धा तसाच. मला वाटलं, काहीतरी कमी पडलं. चहापाण्याचं बघावं लागतं असं शेजारीण म्हणाली होती, पण पैसे द्यायला हात धजेना. म्हणून घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी भरून मामांच्या हातात दिली. “घरची हाय साहेब. तेवढं चांगलं लिहा.”

“काय लिहायचं अक्का?” मामा म्हणाले. पण पिशवी घेऊन गेले.

मी समाधानानं कुरडयांकडं वळले. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. त्या रडत होत्या की ओरडत होत्या ते आधी कळेना.

“कामून असं केलंस ग तू? माझ्या पोरानं तुझं काय वाकडं केलं होतं? नवरा असलेल्या बाईच्या भानगडीत हाय म्हणून सांगितलंस. बायकोला नेणार न्हाई म्हणून सांगितलंस. पोरीचा बाप फोनवर पाणी पाणी करायलाय.”

“कुठल्या पोरीचा बाप?” मी विचारलं. आणि विचारता विचारताच मला ते तांबडे बूट आठवले, ज्यांवरून मी पोलीस धरला होता. खाली बसले ती कुरडयांवरच बसले.

मल्लू रात्री घरी आला. मी सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता जिन्यावर बसला आणि विचारलं, “म्हैस हा शब्द एकदाबी तुझ्या तोंडात आला न्हाई काकू?”

मी सगळं पुन्हा आठवून बघितलं. एकदाही आला नव्हता.

ह्यांनी शिवराजअप्पांना फोन लावला, पण ती म्हैस होती हे फोनवर पटवणं सोपं नसतं. ह्यांनी जितकं समजावलं तितका तिकडचा संशय वाढत गेला. शेवटी ते एवढंच म्हणाले, “बघतो. आमचं एक माणूस बिदरला असतंय, त्याला पाठवून देतो.”

मल्लूला ती मुलगी मनातून आवडली होती, हे मला त्याच रात्री कळलं. तिचं नाव श्रुती. तीही नर्स, तीही जर्मन शिकायलीय. दोघं एकाच क्लासला होते. म्हणजे स्थळ कुणी आणि का सुचवलं असेल, ते तुम्हीच समजून घ्या. मल्लू म्हणाला, “तिकडं मोठं घर घेतल्याशिवाय बायकोला बोलवता येत न्हाई म्हणतात. पण ती स्वतःच्या नोकरीवर आली तर कुणाला विचारायची गरज न्हाई.” दोघांनी एवढा विचार केला होता, आणि मी एका दुपारी त्याच्यावर पाणी ओतलं होतं.

मग मी ठरवलं. आता ते माणूस येईल तेव्हा एकही चूक करायची नाही.

दोन दिवसांनी एक तरुण मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चप्पल, काखेत फाइल. “नमस्कार्री अक्का. मल्लिकार्जुनबद्दल विचारायचं होतं.”

आता हा कोण, ते तुम्हाला कळलंय. मला नाही कळलं. खरे पोलीस अजून यायचेत हे डोक्यातून गेलंच होतं, मी शिवराजअप्पांच्या माणसाचीच वाट बघत होते ना.

ह्या वेळी मी खुर्चीत बसले. त्याला शेव-चिवडा दिला. त्यानं विचारलं, “ते इथंच राहतात ना?”

मला झटकन वाटलं, चुलत्याच्या घरी पडून असतो असं मुलीकडच्यांना वाटायला नको. मी हसून म्हणलं, “इथं कसला राहतोय? येऊन-जाऊन असतो पाहुण्यासारखा. त्याचं सगळं हैदराबादला. तिकडं फ्लॅट बघून ठेवलाय.”

त्यानं लिहिलं. “म्हणजे नौबादचा पत्ता नुसता नावाला?”

“नावालाच म्हणा की.”

“काही केस वगैरे?”

“एकबी न्हाई. त्याच्या जन्मात त्याला म्हैस आडवी आली न्हाई.”

मुलानं पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं, फाइलमधला एक कागद बघितला आणि पुन्हा लिहायला लागला. मी पुढं म्हणलं, “आणि तिकडं गेल्यावर परत यायचाच न्हाई. बायकोला नेणार, सासू-सासऱ्यालाबी नेणार. सगळं तिकडंच.”

“बरं,” तो म्हणाला. “इथं सही करा अक्का.”

मी सही केली. मनात म्हणलं, काळ किती बदलला, मुलीकडचे आता सह्या घ्यायला लागले. त्यालाही डाळ देत होते. त्यानं घेतली नाही. म्हणाला, “ड्यूटीवर घेत न्हाई.” तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. मला वाटलं, तोही नर्स असेल.

पुढची गंमत अशी की लग्नाचं तिकडं आपोआप सरळ झालं. शिवराजअप्पांनी कोणाला पाठवलंच नाही. डेपोची गाडी पकडून ते स्वतः मन्नाएखेळ्ळीला गेले आणि धाबेवाल्याला बाजूला घेऊन, अगदी जपून, शब्द तोलून म्हणाले, “तुमच्या घरच्या... त्या प्रकरणाबद्दल जरा बोलायचं होतं.” धाबेवाला त्यांना धाब्याच्या मागं घेऊन गेला आणि म्हैस दाखवली. म्हणाला, “हीच ती. पोरगा लई चांगला हाय, येताना पेंड आणतो हिला.” शिवराजअप्पा तिथंच बाजेवर बसले म्हणे, आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. त्यांनी त्याच दिवशी जाऊबाईंना फोन केला. “पोरगी द्यायला हरकत न्हाई. मुक्या जनावराला एवढं बघतो, तर माणसाला बघंलच.”

पण पासपोर्ट? मल्लूच्या मोबाईलवर मेसेज आला. पोलीस रिपोर्ट विरोधात. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, आणि चौकीतली नोंद नाकारली.

मल्लूनं तो मेसेज मला वाचून दाखवला. तो घाबरलेला होता. पासपोर्ट वेळेत आला नाही तर क्लासमधली त्याची तुकडी जर्मनीला पुढं निघून जाणार होती, श्रुतीही त्याच तुकडीत. तीन वर्षांत मी त्याला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. मी चपला घातल्या. म्हणलं, “चल, मीच सांगते.” तो म्हणाला, “काकू, तू नको.” हेही म्हणाले, “तू नको.” मी दोघांच्याही पुढं चालत निघाले.

ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. तो इस्त्रीच्या शर्टाचा मुलगा कोपऱ्यात उभा होता, वर्दीत. त्याला बघून मी मान खाली घातली.

“आधी म्हणालात राहत न्हाई, आता म्हणताय राहतो,” साहेब म्हणाले. “कसं मानायचं?”

काय सांगणार? मी म्हणलं, “साहेब, रात्रपाळीहून येतो तेव्हा कडी वाजवत न्हाई, नुसतं खोकतो. मी जागीच असते. ओला टॉवेल दारावर टाकतो, लाख वेळा सांगून झालं. भाकरीच्या कडा काढून ठेवतो. ह्यांची बीपीची गोळी तोच काढून देतो, आमचे हे दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाईत. पहाटे डेर-डी-दास करतो, मला काही कळत न्हाई, पण ते ऐकू आलं न्हाई तर मला उठावंसं वाटत न्हाई.” एवढं बोलले आणि पदर डोळ्याला लावला. मला तिथंच, सगळ्या ठाण्यासमोर, कळलं की मी काय करायला आलेय. तो इथं राहतो हे मी पटवायला गेले होते, तो इथून जावा म्हणून.

मल्लू खिडकीबाहेर बघत होता. ह्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला आणि मग परत घेऊन स्वतःच वापरला.

साहेबांनी त्या मुलाला खूण केली. “नवीन लिही. राहतो म्हणून.” मग मला म्हणाले, “साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालतो. आधार द्या.”

मी मोठ्या रुबाबात पर्समधून कार्ड काढून दिलं. साहेबांनी ते बघितलं. उलटं करून बघितलं. पुन्हा सुलटं केलं.

“अक्का, हे तर तालुका देवणी, जिल्हा लातूर. महाराष्ट्र.”

देवणी माझं माहेर, आमच्या कर्नाटकाच्या हद्दीपलीकडं. आधारचं शिबिर लागलं तेव्हा मी दिवाळीला माहेरी होते. भावानं सगळ्यांबरोबर मलाही रांगेत उभं केलं. पत्ता बदलायचा बदलायचा म्हणत राहून गेला.

“लग्नाला किती वर्षं झाली?”

“पंचवीस.”

“कागदावर तर तुम्ही अजून सासरी आलाच न्हाईत.” साहेब हसू दाबत होते. “हा पोरगा त्या घरात राहतो हे पटलं मला. पण तुम्ही राहता कशावरून? तुम्हाला कोण ओळखतं?”

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं बघून, खरं सांगते, विचारात पडले होते. तेवढ्यात मल्लू पुढं झाला.

“मी ओळखतो साहेब. ह्या आमच्याकडंच राहतात.”

एवढंच बोलला. ना टॉवेल, ना भाकरी, ना रडणं. आणि माझं म्हणणं ऐकायला अर्धा तास घेतलेल्या त्या साहेबांनी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला.